निरोपाच्या दोन ओळी

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. माझा मुलगा चौथीत आहे. 'आजी-आजोबांची शिकवण' या विषयावर शाळेनं दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या आहेत. माझ्या सासूबाईंनी त्याला बसल्या बसल्या पाच म्हणी अर्थासकट सांगितल्या. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुझ्या बाबांनी तुला काय शिकवलं?" मला एकही ओळ सुचली नाही.

माझे बाबा बार्शीच्या बाजार समितीत मापाडी होते. दिवसभर काट्यावर पोती, 'लाभ, दोन, तीन' असा आकडा म्हणायचा, आणि घरी आले की गप्प. मी कॉलेजला सोलापूरला जायचे तेव्हा, पुढे नोकरीसाठी पुण्याला यायचे तेव्हा आणि अगदी लग्नानंतरही ते स्टँडवर सोडायला यायचे. माझ्या पर्सच्या छोट्या कप्प्यात एक नोट सरकवायचे, "हे परतीचं" म्हणायचे आणि एसटी हलायच्या आत मागं फिरायचे. बोलणं म्हणाल तर एवढंच. गेल्या आषाढात ते गेले. मैत्रिणी त्यांच्या वडिलांचे, आजोबांचे शब्द सांगतात तेव्हा मला पोरकं वाटतं. तुम्हाला कुणी काय सांगितलं होतं जे अजून उपयोगी पडतं? आणि ज्याच्या वडिलांनी काही सांगितलंच नाही त्यानं काय करावं?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तुला 'अगं' म्हणते, राग मानू नकोस. माझी थोरली तुझ्याच वयाची आहे. तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले आणि चष्मा काढून ठेवला. ती ओळ कोणती ते पुढे सांगते. आधी तू विचारलंस त्याचं उत्तर.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आमचं घर दगडमातीचं, वर कौलं. आजीनं आम्हा तिघा भावंडांना अंथरुणातून ओढून काढलं आणि अंगणात ढकललं. आई शेवटी आली, धाकट्याची गोधडी हातात घेऊन. बाहेर काळोख, थंडी आणि पायाखाली फुटलेल्या कौलांचा खच. माझ्या उजव्या टाचेत एक तुकडा शिरला. ती खूण अजून आहे. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत मिळून पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आम्ही सगळे वाचलो, पण पुढचे कितीतरी दिवस अंगणात खोपट घालून झोपलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईला गिरणीत होते. ते तिसऱ्या दिवशी पोचले. येताना आम्हा तिघांना रबरी स्लिपर घेऊन आले. तोवर आम्ही अनवाणीच फिरायचो. रात्री मी ती स्लिपर उशाला घेऊन झोपायला निघाले, तशी आजीनं ती काढून घेतली, खोपटाच्या दाराशी आत मांडली आणि म्हणाली, "पायताण दाराकडं त्वांड करून ठिवत जा, पोरी. अंधारात पाय घातला की पाय आपसूक दाराकडंच जातो."

आजीनं मला आयुष्यात पुष्कळ सांगितलं असणार. सोमवारी काय करू नये, अमावस्येला कुठं जाऊ नये, ते सगळं मी विसरून गेले. हे मात्र अठ्ठावन्न वर्षं विसरले नाही. आजही माझ्या चपला दाराकडं तोंड करून असतात, टॉर्च उशाशी आणि गॅसचा खटका झोपायच्या आधी बंद. माझ्या दोन्ही मुलांना ही सवय आहे आणि आता नातवालाही लागली आहे. कुणीही त्यांना 'संकटकाळी सावध राहावे' असं वाक्य शिकवलेलं नाही.

आता पोस्टातलं सांगते, कारण मला खरं शिक्षण तिथं मिळालं. १९८१ साली मी आमच्याच तालुक्यातल्या एका सब-पोस्टात क्लार्क म्हणून लागले. त्या वेळी आमच्या भागात घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत. लालबाग-परळला गावकऱ्यांच्या मंडळाच्या खोल्या असायच्या. एकेका खोलीत वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची. महिन्याच्या पगारानंतर मनीऑर्डरी यायच्या आणि त्यावर गावं चालायची. पोस्टमन घरोघर वाटप करायचाच, पण बाजाराच्या दिवशी बायका स्वतःच पोस्टात यायच्या, "आली का ग माझी?" म्हणत.

मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहानसा भाग असायचा, निरोपासाठी. पैसे दिले की तेवढा भाग फाडून घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. त्या जागेत दोन, फार तर तीन ओळी बसत. दिवसभर गिरणीच्या साचेखात्यात, मागांपाशी उभा राहिलेला माणूस त्या दोन ओळींत घर चालवायचा. 'दुकानदाराचे आधी देणे. म्हशीस पेंड घालणे. थोरल्याची शाळा सोडू नये.' 'पाऊस झाल्याचे कळले. बांध बघून घेणे. भावकीत बोलू नये.' एकानं दर महिन्याला तीच ओळ लिहिली होती, 'पत्र न आल्यास मी बरा आहे असे समजणे.' त्याच्या आईला ती पाठ होती, तरी ती दर महिन्याला वाचून घ्यायची.

वाचून कोण दाखवणार? मीच. पहिल्या आठवड्यात मी खिडकीतूनच मोठ्यानं वाचायला लागले. मागं रांग, सगळ्यांचे कान टवकारलेले. आमचे पोस्टमास्तर मिरजेचे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. त्यांनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, अंगठा घ्या, पैसे मोजून द्या, तिला परत मोजू द्या. मग खिडकी सोडून बाहेर जा आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून वाचा. पैसे खिडकीतून देतात. निरोप शेजारी बसून द्यायचा असतो."

रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे, तरी पोस्टमास्तर मला उठू द्यायचे. नंतरच्या आयुष्यात वाईट बातमी सांगायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा आली. भावाच्या आजाराचं निदान आईला सांगायचं होतं, तेव्हा मी फोन केला नाही. रात्रीची गाडी धरून गेले, तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मग सांगितलं. ते पोस्टमास्तर माझे नात्याचे ना गोत्याचे, पण माझ्या पुस्तकात त्यांचं पान आजीच्या शेजारचं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्हाला तो संप वर्तमानपत्राआधी मनीऑर्डरींच्या गठ्ठ्यात दिसला. फेब्रुवारीत गठ्ठा निम्मा झाला. उन्हाळ्यात तर बाजाराच्या दिवशी बायका यायच्या, माझ्या तोंडाकडं बघायच्या आणि काही न विचारताच परत जायच्या.

त्या उन्हाळ्यातली एक मनीऑर्डर सांगते. नाव-गाव सांगणार नाही; खातं सुटलं तरी तिथला नेम मी अजून पाळते. बाई माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठी असेल, कडेवर पोर. तीस रुपये आले होते. तिनं अंगठा दिला, नोटा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या. आम्ही पायरीवर बसलो. मी वाचलं, 'पैसे कमी आहेत. गावात कोणास सांगू नये. पोरांस मात्र खरे सांगणे.'

ती म्हणाली, "परत एकदा वाच ग बाई." मी वाचलं. तिनं तो कागद घेतला, चार घड्या घातल्या, चंचीतली सुपारी एका बाजूला सारून तिथं ठेवला. मग पोराला खाली उतरवलं. ते जेमतेम तीन वर्षांचं. त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून ती म्हणाली, "ऐकलंस का, बानं कमी पैसं धाडल्यात. त्याची गिरण बंद हाय." पोरानं मान हलवली, त्याला काय कळलं असेल देव जाणे. पण बाईनं निरोप तिथल्या तिथं पोचवला होता.

मला तो निरोप लागला, कारण आमच्या घरी उलटं चाललं होतं. अण्णांच्या मनीऑर्डरवर शेवटपर्यंत 'मी खुशाल आहे, काळजी नसावी' एवढंच होतं. एप्रिलपासून मनीऑर्डरच यायची बंद झाली आणि पत्रही. आई देव पाण्यात घालून बसली. पावसाळ्याच्या तोंडाला अण्णा आले, वाळून कोळ झालेले. गावकऱ्याकडून उसने पैसे घेऊन एसटीत बसले होते. दोन महिने ते त्या खोलीत नुसते अडकून पडले होते. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी पोस्टात निघाले तर दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एकोणीस वर्षं काढली तिथं. सगळं केलं, पण परतीचं भाडं कधी बाजूला ठेवलं नाही. तू ठेवत जा."

आता कळलं ना, मी चष्मा का काढला?

तुझ्या बाबांनी काही सांगितलं नाही असं तू लिहितेस, आणि त्याच पत्रात तू त्यांचे दोन शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. 'हे परतीचं.' सोलापूरला जाताना त्याचा अर्थ भाडं असा असेल. पुण्याला पहिल्यांदा निघालीस तेव्हा नोकरी नाही जमली तर घर आहे, असा असेल. आणि लग्नानंतर? स्वतःचा पगार असलेल्या, नवऱ्याच्या घरी निघालेल्या लेकीच्या पर्समध्ये बाप 'परतीचं' म्हणून नोट ठेवतो, तेव्हा तो काय सांगतो ते तुला मी उलगडून सांगायला हवं का? आमच्या काळात मुलींना 'दिल्या घरी सुखी राहा' म्हणत आणि दार लावून घेत. त्या वाक्यानं किती मुली गेल्या ते मी पोस्टाच्या खिडकीतून पाहिलं आहे. मला स्वतःला एका मावशीनं बजावलं होतं, पगार नवऱ्याच्या हातात ठेवायचा आणि माहेरी तोंड उघडायचं नाही. ती माझ्या भल्यासाठीच बोलली, हे मी मानते. दोन वर्षं ऐकलंही. तिसऱ्या वर्षी मी पोस्टातच माझ्या एकटीच्या नावानं पाच वर्षांची आर. डी. उघडली. वडीलधाऱ्यांचं सगळंच जपून ठेवायचं असतं असं नाही, बाई. काही गोष्टी त्यांच्या पायांपाशी ठेवून नमस्कार करून पुढं जायचं असतं.

आणि त्या संपातल्या कामगाराची ओळ पुढं माझ्या घरी उपयोगी पडली. १९९४ साली माझ्या यजमानांचा कारखाना बंद पडला. पहिली रात्र आम्ही दोघं माजघरात कुजबुजत होतो, मुलांना कळू नये म्हणून. मला एकदम तो चार घड्यांचा कागद आठवला. दुसऱ्या दिवशी जेवताना आम्ही दोघांना सरळ सांगितलं, बाबांची नोकरी गेली आहे, घर आता माझ्या एकटीच्या पगारावर चालेल. लेक रडली, तिला सायकल हवी होती. धाकटा आठ वर्षांचा. त्यानं भात कालवता कालवता विचारलं, "मग दूध किती घ्यायचं?" आम्ही तिथंच बसून ठरवलं, अर्धा लिटर. त्या दिवसापासून रोजचा दुधाचा हिशेब तोच लिहायचा, भिंतीवरच्या कालनिर्णयवर, पेन्सिलीनं. वर्षभर लिहिला. ते कालनिर्णय मी अजून टाकलेलं नाही.

तर आता मुलाच्या वहीचं. दहा ओळी भरायच्या म्हणून म्हणी जमवू नकोस. त्याला शेजारी बसव आणि बार्शीच्या स्टँडचं चित्र त्याच्यापुढं उभं कर. आजोबांनी काय घातलेलं असायचं, नोट कुठल्या खिशातून काढायचे, घडी कशी असायची, त्यांच्या बोटांना गोणपाटाचा वास यायचा का, हे तुझं तुलाच आठवेल. मोजायला ते 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे, हेही सांग. पुण्यातल्या मुलाला हे कुठून कळणार? पहिल्या मापालाच लाभ म्हणायचं, म्हणजे समोरच्या शेतकऱ्याचा माल मोजताना आधी त्याचं भलं चिंतायचं. तुझ्या बाबांनी जन्मभरात हा शब्द किती हजार वेळा उच्चारला असेल! गप्प माणूस कसा म्हणतेस त्यांना?

त्यांनी दिलेली शेवटची नोट अजून पर्समध्ये असेल तर ती वहीत चिकटवू नकोस, तिथंच राहू दे. मुलगा पहिल्यांदा एकटा सहलीला निघेल त्या दिवशी दुसरी नोट काढ, त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेव आणि ते दोन शब्द म्हण. त्यांच्यासारखीच पुढं काही बोलू नकोस.

प्रश्न : ताई, मुलगा पुढच्या महिन्यात शिकायला जर्मनीला चालला आहे. मी रोज जेवताना त्याला चार गोष्टी सांगतो : पैसा जपून, संगत बघून, तब्येत सांभाळून. तो हो हो म्हणतो आणि कानात ते यंत्र घालून बसतो. आमच्या वडिलांचा शब्द आम्ही खाली पडू दिला नाही. या मुलांपर्यंत आपलं बोलणं पोचवायचं कसं?
— एक वडील, कुडाळ

उत्तर : भाऊ, तुमची घालमेल कळते. लेक पहिल्यांदा बंगळूरला गेली तेव्हा मीही तिचं डोकं असंच खाल्लं होतं.

पोस्टात असताना मी तारा घ्यायचे. तारेत शब्दाला पैसे पडायचे. माणूस पान भरून मजकूर आणायचा, आणि आम्ही दोघं मिळून तो छाटायचो. 'काळजी करू नये' याला तीन शब्द, काढा. 'लवकर' हवं का? 'निघ' म्हटलं की लवकर आलंच. छाटत छाटत जे चार-पाच शब्द उरायचे, ते वाचून तो माणूसच कधी कधी गप्प व्हायचा, कारण त्याला काय म्हणायचंय ते त्याला स्वतःला तेव्हा कळायचं. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. १८८० साली सुरू झालेली मनीऑर्डरची ती जुनी पद्धत २०१५ साली गेली. त्याआधीच संगणकावर ठरावीक निरोपांची यादी आली होती, तीतला एक निवडायचा. 'म्हशीस पेंड घालणे' त्या यादीत नव्हतं.

तुम्ही असं करा. जेवताना सांगणं आजपासून थांबवा, त्याला सुखानं जेवू द्या. एका दुपारी घरात कोणी नसताना कागद घ्या आणि त्याला सांगायचं ते सगळं लिहा. मग शब्दाला पैसे पडतात असं समजून छाटा. दोन ओळी उरल्या की थांबा. त्या तुमच्या स्वतःच्या हातानं, शाईच्या पेननं, मराठीत उतरवा आणि खाली 'बाबा' लिहा. तुमच्या वडिलांचा जो शब्द तुम्ही खाली पडू दिला नाही म्हणता, तो त्या दोन ओळींत आहे का तेवढं बघा. मला लिहिलेल्या पत्रात तो आलेला नाही.

कागद त्याच्या सामानात ठेवा, पण लाडवाच्या डब्यात नको. तुपाचा डाग पडला की शाई फुटते. थंडीच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. तिकडं गारठा सुरू झाला की तो कोट तो घालेलच. त्याआधी फोनवर विचारू नका, मिळाला का म्हणून.